भंगार कोणाला म्हणता?

जालना जिल्ह्यात राहणाऱ्या माणसानं भंगाराला नावं ठेवू नयेत. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत रात्रंदिवस भट्ट्या पेटलेल्या असतात. देशातलं, परदेशातलं मोडकं लोखंड ट्रकांनी येतं, वितळतं, त्याचे बिलेट होतात, बिलेट लाटून सळई होते आणि ती सळई मुंबई-पुण्याच्या इमारतींच्या पोटात जाऊन बसते. 'जालना सोने का पालना' ही म्हण जुन्या व्यापारी दिवसांतली. आता सोन्याच्या जागी लोखंड म्हटलं तरी चालेल.

त्यामुळं आमच्या दारातल्या जीपला कुणी भंगार म्हटलं की मला त्या शब्दाचा राग येत नाही. भंगारावर आमच्याकडं हजारो चुली पेटतात. माझं भांडण वेगळं आहे. एखादी वस्तू भंगार झाली हे ठरवायचं कुणी आणि कशावरून? भट्टीवाला लोखंड हातात घेऊन बघतो, वजन करतो, गंज किती चढलाय ते पाहतो, मग भाव सांगतो. गाडीच्या बाबतीत मात्र आजकाल कुणी बॉनेटसुद्धा उघडत नाही. साल विचारतात. 'अठ्ठ्याण्णवची? अरे बापरे, अजून ठेवलीय?' झाला निकाल.

आमची जीप म्हणजे महिंद्राची कमांडर, डिझेलची, एमएच-२१ पासिंगची. १९९८ साली आमच्या अण्णांनी मोसंबीच्या एका चांगल्या बहाराच्या पैशात घेतली. अंबड तालुक्यातल्या आमच्या गावात तेव्हा चारचाकी म्हणाल तर दोन ट्रॅक्टर आणि एक काळी-पिवळी. एसटी दिवसातून दोनदा यायची, पावसाळ्यात मन मानेल तेव्हा. अण्णांना गाड्यांचा षोक अजिबात नव्हता. त्यांना बागेतला माल जालन्याच्या मोंढ्यात वेळेवर न्यायचा होता आणि घरातलं कुणी आजारी पडलं तर बैलगाडीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत न्यायची वेळ परत येऊ द्यायची नव्हती. एवढ्याच हिशेबानं ती घेतली.

हल्ली जाहिरातीत 'फॅमिली कार' दाखवतात. नवरा, बायको, दोन लेकरं, मागं एक गुबगुबीत कुत्रं, आणि गाडी चाललीय डोंगरातल्या गुळगुळीत रस्त्यानं. आमच्याकडं कुटुंब म्हणजे भावकी, आणि भावकीची गाडी म्हणजे अर्ध्या गावाची. कमांडर आमच्या नावावर असली तरी तिची किल्ली खुंटीला टांगलेली असायची आणि ती कुणासाठी काढायची याला फारसे नियम नव्हते. मत्स्योदरीच्या नवरात्रात बायका तिच्यातून अंबडला गेल्या. अंगारकीला राजूरच्या गणपतीला म्हातारी माणसं गेली. बारावीची पोरं परीक्षेच्या सेंटरला गेली. साप चावलेला एक सालगडी रात्री अकराला जालन्याच्या सिव्हिलला गेला आणि चौथ्या दिवशी चालत घरी आला.

२००५ च्या पावसाळ्यातली गोष्ट घरातले सगळे अजून सांगतात. वहिनीला कळा सुरू झाल्या त्या मध्यरात्री, आणि गावाबाहेरचा ओढा भरून वाहत होता. पूल नव्हता, फरशी होती, तिच्यावरून गुडघ्याच्या खाली पाणी. दोघं जण दोर धरून पुढं चालत पाण्याचा अंदाज घेत गेले आणि जीप त्यांच्या मागं पहिल्या गिअरमध्ये, न थांबता, हळूहळू निघाली. असा ओढा ओलांडू नये हे मलाही कळतं. पण त्या रात्री दुसरा रस्ता नव्हता, आणि तशा पाण्यात शिरायला दुसरी कुठली गाडीही नव्हती. जी पोरगी त्या पहाटे जन्मली ती आता संभाजीनगरला कॉलेजात आहे, आणि गंमत म्हणजे 'काका, ही भंगार जीप काढून टाका ना आता' असं सगळ्यात आधी तीच म्हणते.

तिचं म्हणणं मी थट्टेवारी नेत नाही. तिच्या बोलण्यात गावातली एक खरी अडचण आहे. आमच्याकडं सोयरीक जमवायला आलेले पाहुणे आधी शेती विचारतात, मग नोकरी, आणि बोलता बोलता डोळ्यानं दारात काय उभं आहे ते बघून घेतात. पांढरी चकचकीत गाडी असली की पाहुणे जरा सावरून बसतात. हूड फाटलेली जीप दिसली की चहा पिऊन 'कळवतो' म्हणतात. ती पांढरी गाडी कर्जाची आहे, तिचे सात हप्ते थकलेत आणि डिझेलला पैसे नसल्यानं ती पंधरा दिवस जागची हललेली नाही, हे दारात उभं राहून दिसत नाही. गाडीनं माणसं न्यायची-आणायची असतात हे विसरून आम्ही तिला घराची पाटी करून टाकली आहे. या दिखाव्यापायी आमच्या आसपास किती जणांनी जमिनीचा तुकडा विकला ते मी नावं घेऊन सांगू शकतो, पण सांगणार नाही, कारण त्यांना रोज भेटायचं आहे.

हप्त्याचं गणितही शेतकऱ्याच्या अंगाला बसत नाही. हप्ता महिन्याच्या महिन्याला येतो. कापूस, सोयाबीन, मोसंबी यांचा पैसा वर्षातून एकदा-दोनदा येतो, आणि कधी येतच नाही. पगारदार माणसानं हप्त्यावर गाडी घेणं वेगळं आणि पावसावर जगणाऱ्यानं घेणं वेगळं. पंचवीस वर्षांत आमच्या जीपवर खर्च झाला नाही असं नाही. क्लचप्लेट झाली, पाटे बदलले, एकदा इंजिन पूर्ण खोलून रिंगा-पिस्टन टाकले. पण तो खर्च आम्ही ठरवला तेव्हा झाला. माल विकला, मग काम काढलं. दिवाळीला जमलं नाही तर संक्रांतीला केलं. शेतकऱ्याच्या घरात खर्च पुढं ढकलता येणं याची किंमत केवढी असते हे ज्याच्या खात्यात दर एक तारखेला पगार पडतो त्याला कसं कळावं?

आता मुद्द्याचं बोलतो. लोक म्हणतात, 'जुन्या गाड्या काय मजबूत होत्या! लोखंडच वेगळं होतं.' हे अर्धंच खरं आहे, आणि त्या अर्ध्या खऱ्यामुळंच जुन्या गाडीची बाजू दुबळी होते.

आपल्या जुन्या गाड्यांचा इतिहास बघा. महिंद्रानं १९४७ साली विलीज जीपची जुळणी सुरू केली. मूळ गाडी दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकेनं बनवलेली, म्हणजे रणांगणात साध्या शिपायालाही दुरुस्त करता यावी अशी. अँबेसिडर ही इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली. ती बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात १९५७ च्या सुमारास बनायला लागली आणि २०१४ पर्यंत थोड्याफार फरकानं तीच बनत राहिली. आपल्या सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या प्रीमियर कंपनीनं कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीची फियाट बनवली. तिचीच पुढं पद्मिनी झाली. या गाड्या इतकी वर्षं टिकल्या त्यात कंपन्यांची फार थोरवी नव्हती. परवान्यांचा जमाना होता, गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागायचा, नवीन बनवायची कुणाला निकड नव्हती. आणि त्या गाड्या बिघडायच्या, चांगल्या बिघडायच्या! घाटात रेडिएटर उकळायचा, पावसात स्टार्ट होत नसायच्या, दारं आदळल्याशिवाय लागत नसायची.

तरी त्या टिकल्या. कारण त्या उघडता येत होत्या. एकच गाडी वर्षानुवर्षं चालू राहिल्यामुळं तिचा नट न् नट देशभरातल्या मिस्त्र्यांना पाठ झाला. सुटा भाग तालुक्याला मिळू लागला, नाही मिळाला तर खराद्यावर बनवून घेता आला. मजबूत गाडी कारखान्यात निम्मीच तयार होते. उरलेली निम्मी तयार होते गावोगावच्या गॅरेजात, झाडाखाली, रस्त्याच्या कडेला. आणि तो निम्मा भाग कुठल्याच कंपनीच्या मालकीचा नसतो.

आमच्या कमांडरचा तो निम्मा भाग अंबडच्या एका मिस्त्रीचाचांनी बनवला. त्यांचं गॅरेज म्हणजे पत्र्याचं शेड, एक कडुलिंब आणि जमिनीत खोदलेला खड्डा. गाडी आत यायच्या आधी आवाजावरून ते सांगायचे, 'तीन नंबरचं नोझल गेलंय.' कानाला पान्याचं टोक लावून दुसरं टोक इंजिनाला टेकवायचे, डॉक्टर नळी लावतात तसं. या गाडीचं सगळं समोर दिसतं. डिझेलचा पंप दिसतो, नोझलच्या नळ्या दिसतात, खाली जाड चासीवर सगळा भार, पुढं-मागं पाटे. कुठं काय होतंय ते डोळ्याला दिसतं, कानाला कळतं, हाताला लागतं. मी स्वतः मिस्त्री नाही. पण फिल्टर बदलणं, लाईनमधली हवा काढणं, ब्रेक सेट करणं एवढं मी, माझा भाऊ आणि आमचा सालगडी, तिघंही करतो. शेतात बंद पडली तर शेतातच चालू होते.

याच्या उलट एक प्रसंग सांगतो. कंपनीचं नाव घेत नाही, कारण गोष्ट एका कंपनीची नाही. आमच्या एका पाहुण्याची दीड वर्षाची नवी गाडी ऐन लग्नाच्या दिवशी जालना रोडला अडली. समोर एक पिवळा दिवा लागला आणि गाडी वीसच्या वर पळेना. इंजिन चालू, टाकीत डिझेल, टायर धड, पण गाडी म्हणते पुढं जायचं नाही. आम्ही चार माणसं बॉनेट उघडून उभे राहिलो. आत बघायला काही नव्हतंच, वरून काळं प्लास्टिकचं झाकण. फोन लावला तर उत्तर आलं की कुणी हात लावू नका, नाहीतर वॉरंटी जाईल. शेवटी दुसऱ्या गाडीवर चढवून तिला संभाजीनगरला नेली. चौथ्या दिवशी निदान झालं, अंगठ्याएवढा एक सेन्सर. नवरदेवाकडची माणसं त्या दिवशी कशातून गेली ते सांगायला नकोच.

नवी गाडी वाईट असं मला म्हणायचं नाही. ती शांत चालते, डिझेल कमी खाते, धूर कमी सोडते, आदळली तर हवेची पिशवी उघडून जीव वाचवते. माझ्या जीपमध्ये तसली पिशवी नाही, आणि तिचा जाड पत्रा बघून 'ठोकली तरी हिला काही होत नाही' म्हणणाऱ्यांना मी हेच सांगतो की गाडीला काही होत नाही तेव्हा धक्का सगळा आतल्या माणसाला बसतो. समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातून गेलाय, त्यावर एकशेवीसच्या वेगाची मुभा आहे. तिथं मी कमांडर नेत नाही, कुणी नेऊही नये. तिचं काम अंबडपर्यंतचं, मोंढ्यापर्यंतचं आणि शेतातल्या पाणंदीचं. आमच्या काळ्या मातीत दोन दिवस पाऊस झाला की पाणंदीत चाक घालायला छाती लागते. नव्या ठेंगण्या गाड्या तेव्हा डांबरी रस्त्यावर उभ्या राहतात आणि मालक चप्पल हातात घेऊन घरी येतो. ज्या कामाला जी गाडी, ती त्याच कामाला वापरायची.

आता सरकारच्या नियमाकडं येतो, कारण खरी लढाई तिथं आहे. मोटार वाहन कायद्याप्रमाणे खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी नवी करायची. हे मला पूर्ण मान्य आहे. २०२१ साली भंगार धोरण आलं, १३ ऑगस्टला त्याचा गाजावाजा झाला. गावात लगेच अफवा, की पंधरा वर्षांची गाडी आता जप्त होणार. तसं नव्हतं. खाजगी गाडी केवळ वय झालं म्हणून मोडा असं धोरणात लिहिलेलं नाही, तपासणीत नापास झाली तर मोडा असं आहे. कागदावर सरकारचं म्हणणं आणि माझं म्हणणं एकच आहे.

पण शुल्काचा तक्ता बघा. जुन्या मोटारीची नोंदणी नवी करायला पूर्वी सहाशे रुपये लागायचे. १ एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाले. ऑगस्ट २०२५ च्या नव्या नियमानं वीस वर्षांवरच्या मोटारीला दहा हजार. वर राज्याचा पर्यावरण कर वेगळा. आता मला सांगा, तपासणीत पास झालेल्या गाडीला वयाचा दंड कशाचा? ब्रेक धरतात, धूर मर्यादेत आहे, चासी सरळ आहे, तुमच्याच इन्स्पेक्टरनं तसं लिहून दिलंय. मग सहाशेचे दहा हजार कशाचे? तपासायला जास्त मेहनत पडते म्हणावं तर जुन्या जीपमध्ये तपासायला नव्या गाडीपेक्षा कमीच भाग आहेत. तोंडानं 'नापास झाली तरच मोडा' म्हणायचं आणि हातानं असा भार टाकायचा की गरीब मालकानं पास झालेली गाडीसुद्धा कंटाळून भंगारात घालावी. ज्याच्याकडं षोकाची जुनी गाडी आहे त्याला दहा हजार म्हणजे एका रात्रीचं जेवण. ज्याची ती कामाची गाडी आहे त्याला तो बियाण्याचा पैसा आहे.

दिल्लीत तर वयाचीच सरळ रेघ मारली. तिथं दहा वर्षांवरचं डिझेल आणि पंधरा वर्षांवरचं पेट्रोल रस्त्यावर नको असा न्यायालयाचा आदेश झाला. १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही असं ठरलं, आणि लोकांनी एवढी ओरड केली की काही दिवसांतच ते पुढं ढकलावं लागलं. दिल्लीची हवा कशी आहे ते आपण टीव्हीवर बघतो. तिथं कडक वागायला कारण आहे. पण दिल्लीचा चष्मा लावून अंबडकडं बघू नका. वर्षाला जेमतेम तीन-चार हजार किलोमीटर चालणारी गावातली जीप आणि रोज शंभर किलोमीटर सिग्नलवर धूर सोडणारी शहरातली गाडी एका मापानं मोजायची?

धुराबद्दल मी हात झटकत नाही. जुनं डिझेल इंजिन नव्यापेक्षा जास्त धूर टाकतं, हे खरंच आहे. पंप आणि नोझल नीट ठेवले तर तो पुष्कळ कमी होतो, शून्य होत नाही. पण नवी गाडी आकाशातून पडत नाही. तिचं लोखंडही कुठल्यातरी भट्टीत वितळतं, आणि भट्टी काय खाते, काय ओकते हे जालनेकराला वेगळं सांगायला नको. चालती गाडी मोडून तिच्या लोखंडाची सळई करायची, मग दुसरं लोखंड वितळवून नवी गाडी बनवायची, आणि याला पर्यावरणाची सेवा म्हणायचं. यात सेवा किती आणि धंदा किती याचा हिशेब कुणीतरी मांडून दाखवावा. चालती गाडी नीट ठेवून आणखी दहा वर्षं वापरली, हेसुद्धा हिशेबाच्या एका बाजूला लिहावं, एवढीच माझी मागणी आहे.

२०१३ साल मी मुद्दाम शेवटी ठेवलं. आमच्या जीपला त्या वर्षी पंधरा वर्षं पूर्ण झाली, म्हणजे कागदाच्या हिशेबानं ती तेव्हा म्हातारी झाली. आणि ते वर्ष होतं २०१२-१३ च्या दुष्काळाचं. जालना जिल्ह्यानं असा दुष्काळ बहात्तरनंतर पाहिला नव्हता. विहिरी कोरड्या, बोअर कोरडे. माणसांना टँकरचं पाणी, आणि वीस-वीस वर्षं जपलेल्या मोसंबीच्या बागा उभ्या जागी वाळत चाललेल्या. लोकांनी दागिने मोडून टँकर विकत घेतले, बागेत ओतले. ज्यांना जमलं नाही त्यांनी शेवटी कुऱ्हाड लावली. मोसंबीच्या वाळलेल्या लाकडानं भरलेले ट्रॅक्टर रस्त्यानं जाताना बघितलेत मी. त्या लाकडाकडं मालकाला बघवत नसायचं.

आमच्या बागेपर्यंत टँकर जात नव्हता, पाणंद अरुंद होती. मग डांबरी रस्त्याच्या कडेला हौदात टँकर रिकामा करायचा आणि जीपच्या मागं पाचशे लिटरची प्लास्टिकची टाकी ठेवून पाणी आत न्यायचं, असं चाललं. एका खेपेत वीसेक झाडं, झाडाला पंचवीस लिटर. ऊन उतरलं की सुरू, रात्री दहा-अकरापर्यंत. भाऊ गाडी चालवायचा, मी आणि सालगडी बादल्या ओतायचो, अण्णा बॅटरी धरून कुठलं झाड राहिलं ते सांगायचे. मार्च, एप्रिल, मे. चारशेपैकी दीडशे झाडं वाचली, बाकीची गेली. त्या दीडशे झाडांनी पुढं आम्हाला उभं केलं. त्या तीन महिन्यांत जीप दोनदा बंद पडली आणि दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी दुपारी परत पाण्यावर गेली, कारण मिस्त्रीचाचा मोटरसायकलवर सामान घेऊन बागेत आले. ती नवी असती आणि तिला संभाजीनगरला न्यावी लागली असती, तर चार दिवसांत मे महिन्याच्या उन्हात किती झाडं गेली असती याचा हिशेब ज्यानं मोसंबी लावलीय त्यानंच करावा.

माझा राग आणखी एका जातीवर आहे. जुन्या गाडीवर प्रेम करणाऱ्यांवर. ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी मुंबईतली अखेरची पद्मिनी टॅक्सी वयाच्या नियमानं रस्त्यावरून गेली. तेव्हा केवढं लिहून आलं! फोटो, आठवणी, एखादी तरी म्युझियममध्ये ठेवा म्हणून विनवण्या. रडणाऱ्यांत किती जणांनी आदल्या दहा वर्षांत थंडगार नवी टॅक्सी सोडून मुद्दाम पद्मिनीला हात केला होता? आता हायवेवरच्या ढाब्यांच्या दारात जुन्या जीपा रंग देऊन उभ्या करतात, आत इंजिन नाही, लोक तिच्यावर बसून फोटो काढतात. आमच्या जीपलाही एका हॉटेलवाल्यानं चांगला भाव दिला होता, भंगाराच्या दुप्पट. भावानं त्याला विचारलं, 'इंजिनाचं काय करणार?' तो म्हणाला, 'काढून टाकू, काय करायचंय?' भाऊ म्हणाला, 'मग राहू द्या.' भट्टीत गेलेलं लोखंड निदान कुणाच्या तरी घराचा खांब धरतं. इंजिन काढून रंगवलेली जीप कुणाच्याच कामाची नाही.

तेव्हा माझं म्हणणं आठवणींसाठी नाही. मला पाहिजे ते असं. तपासणी कडक करा, आणखी कडक करा, पण ती गाडीची करा, सालाची नको. पास झालेल्या गाडीला वयाचं वाढीव शुल्क लावू नका. आणि नव्या गाड्या बनवणाऱ्यांनाही सांगा, की तालुक्याच्या मिस्त्र्याला ती उघडता आली पाहिजे, तिचा दोष वाचायचं यंत्र त्याला परवडेल अशा भावात मिळालं पाहिजे, सुटे भाग बाहेर मिळाले पाहिजेत. आयटीआयमधल्या पोरांना ते शिकवा. उद्या विजेवर चालणारी जीप आली आणि ती अंबडच्या कडुलिंबाखाली उघडून दुरुस्त होत असली, तर पहिली मी घेईन, हूडसुद्धा मागणार नाही.

मिस्त्रीचाचा आता थकलेत. त्यांच्या मुलानं मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलंय. तो तरी काय करणार, समोर नव्या गाड्या, त्याला हात लावायची परवानगी नाही. आवाजावरून नोझल ओळखणारा कान गेला की तो कुठल्या भट्टीत वितळवून परत बनवता येणार नाही. जुन्या गाड्या वयावर काढून टाकताना आपण हा कानही भंगारात काढतोय, आणि त्याचा भाव कुणी विचारलेलासुद्धा नाही.

आमच्या कमांडरची पुढची तपासणी २०२८ ला आहे. ब्रेक धरले नाहीत, चासीला तडा निघाला, धूर आवरता आला नाही, तर मी तिला स्वतः चालवत जालन्याच्या भट्टीवर नेईन आणि वजनाचे पैसे मोजून घेईन. पण तोवर कुणी दारात उभं राहून तिला भंगार म्हणायचं असेल, तर आधी बॉनेट उघडा. उघडताच येत नसेल तर बाजूला व्हा. पाऊस आलाय, पोत्यांवर ताडपत्री टाकायचीय, आणि माल उजाडायच्या आत मोंढ्यात पोचला पाहिजे.